वर्धेच्या दोन काठांवर १९ व्या शतकात कायदे कोण करत होतं? ('कौन्सिल मेंबर' या नोंदीबद्दल)

काठावरचा

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका गावाच्या इतिहासाची पुस्तिका छपाईला जाते आहे. वर्धेच्या पलीकडची, कौंडण्यपूरच्या अंगाची दोन गावंही त्यात घेतली आहेत, कारण सोयरिकी, बाजार आणि कार्तिकातली यात्रा दोन्ही काठांची एकच. १८६० ते १९०० या प्रकरणात तीन ठिकाणी गाडं अडलं आहे.

पहिली अडचण. मसुद्यात वाक्य आहे: 'आपल्या गावचे मालगुजार १८९४ मध्ये नागपूर विधानसभेचे सदस्य होते.' (मालगुजार म्हणजे गावाचा मालक, सरकारात सारा भरणारा.) आधार म्हणून त्या घराण्यातला एक छापील कागद दिला आहे. त्यावर नावाआधी 'ऑन.' आणि नावाखाली 'कौन्सिल मेंबर', एवढंच.

दुसरी. आमच्या काठावरच्या एका कुळाच्या दाव्याच्या नकलेत 'ॲक्ट ९ सन १८८३' असा उल्लेख आहे. पलीकडच्या पाटील घराण्याच्या कागदात 'बेरार पटेल्स अँड पटवारीज लॉ, १९००' असं आहे. एकीकडे ॲक्ट, दुसरीकडे लॉ. हा नकलनविसाच्या हातचा फरक, की खरोखरच वेगळं काही?

तिसरी. हे कायदे मंजूर झाले कुठे? नागपूर, मुंबई, हैद्राबाद आणि कलकत्ता अशी चारही उत्तरं मिळाली आहेत. पुस्तिका शाळेत वाटली जाणार आहे, त्यामुळे चुकीचं काही जायला नको. जाणकारांनी सांगावं.


जुनीमिसल

भाऊ, पहिलं वाक्य आहे तसं छापू नका. १८९४ मध्ये नागपुरात विधानसभा नव्हती आणि कायदेकौन्सिलही नव्हतं. मध्य प्रांताचं पहिलं कायदेकौन्सिल ८ नोव्हेंबर १९१३ ला स्थापन झालं आणि त्याची पहिली बैठक १७ ऑगस्ट १९१४ ला भरली. 'विधानसभा' म्हणावी अशी सभा तर १९३५ च्या कायद्यानंतर, १९३७ मध्ये आली. १९ व्या शतकाबद्दल लिहिताना 'कायदेकौन्सिल' हाच त्या काळचा मराठी शब्द वापरा.

आता मुळापासून. १८३३ च्या सनदी कायद्यानं मुंबई आणि मद्रास सरकारचे कायदे करण्याचे अधिकार काढून घेतले आणि सगळं गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलकडे गेलं. १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टनं ते अधिकार प्रांतांना परत दिले, पण सगळ्या प्रांतांना नाही. मुंबई, मद्रास आणि बंगाल यांची कौन्सिलं १८६२ पासून चालू झाली. वायव्य प्रांत आणि अवधला (साधारण आजचा उत्तर प्रदेश) १८८६ मध्ये मिळालं. पंजाब आणि ब्रह्मदेशाला १८९७ मध्ये. मध्य प्रांत १८६१ मध्येच नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदा प्रदेश जोडून तयार झाला होता, पण तो चीफ कमिशनरचा प्रांत. गव्हर्नर नाही, लेफ्टनंट गव्हर्नरही नाही. अशा प्रांतासाठी कायदे करायचं काम थेट गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचं. ते हिवाळ्यात कलकत्त्याला आणि उन्हाळ्यात सिमल्याला बसायचं. तेव्हा तुमच्या काठापुरतं चार उत्तरांपैकी 'कलकत्ता' बरोबर. पुस्तिकेत मात्र 'गव्हर्नर जनरलचं कायदेकौन्सिल' असंच लिहा, म्हणजे सिमल्याला मंजूर झालेला कायदाही त्यात बसेल.

इथे सगळेच एका नावाला फसतात. 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस लँड रेव्हेन्यू ॲक्ट' असं नाव वाचलं की वाटतं, हा प्रांताच्या सभेनं केला. नाव प्रांताचं आहे, पण कायदा वरच्या कौन्सिलचा आहे. ओळखायची खूण क्रमांकात असते. १८८१ चा जमीन महसूल कायदा हा नुसता 'ॲक्ट १८ ऑफ १८८१' आहे, क्रमांकाआधी प्रांताचं नाव नाही. म्हणजे तो गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा. मुंबईच्या कौन्सिलनं केलेला असेल तर 'बॉम्बे ॲक्ट ५ ऑफ १८७९' असं यायचं. आणि 'सी. पी. ॲक्ट २ ऑफ १९१७' किंवा 'सी. पी. ॲक्ट १ ऑफ १९२०' असं दिसलं, तर तो १९१४ नंतरच्या आपल्या प्रांताच्या कौन्सिलचा. ही एक खूण ध्यानात ठेवली तर निम्मे घोटाळे तिथेच मिटतात.

तुमच्या नकलेतला 'ॲक्ट ९ सन १८८३' म्हणजे मध्य प्रांताचा कूळकायदा. मालगुजार आणि कूळ यांच्यातलं नातं कायद्यात बांधणारा हाच. त्याच्या जागी १८९८ मध्ये 'ॲक्ट ११ ऑफ १८९८' आला आणि त्याच वर्षी पाठोपाठ १२ व्या क्रमांकानं जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती झाली. १८९८ च्या बदलांचा मोठा रोख सीर जमीन (मालगुजाराची स्वतःची खासगी जमीन) आणि मौरूसी, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, कुळाची जमीन सावकाराच्या हाती जाण्यावर बंधन घालण्याचा होता. दाव्याची नक्कल १८९८ नंतरची असूनही तिच्यात १८८३ चा उल्लेख असेल, तर दाव्याचं कारण कोणत्या वर्षी घडलं ते आधी बघा.

क्रमांक रोमन आकड्यांत छापलेले असत. 'आय' आधी आणि 'एक्स' नंतर म्हणजे ९. 'एक्स' आधी आणि 'आय' नंतर म्हणजे ११. या दोन कूळकायद्यांच्या बाबतीत नकलनवीस नेमके इथेच चुकतात, कारण एक ९ चा आणि दुसरा ११ चा. नुसता क्रमांक कधीच धरू नका, क्रमांक आणि सन यांची जोडी जुळते का ते पाहा. 'ॲक्ट ११ सन १८८३' असं कुठे आढळलं तर तो कूळकायदा नव्हे, आकडा उलटा वाचला गेला आहे.

बाकीचे कायदेही प्रकरणात यावेत असं मला वाटतं, कारण गावाचा रोजचा व्यवहार यांच्यावरच चालत होता: मध्य प्रांतात कोणते कायदे लागू ते सांगणारा ॲक्ट २० ऑफ १८७५, लोकल सेल्फ गव्हर्नमेंटचा ॲक्ट १ ऑफ १८८३, आणि नगरपालिकांचा ॲक्ट १८ ऑफ १८८९.

आणि आता खरी गोम. लोकल सेल्फ गव्हर्नमेंटच्या त्या १८८३ च्या कायद्यानं आपल्याकडे जिल्ह्याच्या संस्थेला जे नाव दिलं ते होतं 'डिस्ट्रिक्ट कौन्सिल'. बोर्ड नव्हे, कौन्सिल. वर्धा जिल्ह्यातला मालगुजार १८९४ मध्ये 'कौन्सिल मेंबर' असेल, तर तो जवळपास खात्रीनं वर्धा डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा सभासद. आजच्या भाषेत जिल्हा परिषद सदस्य. हा मान लहान नव्हता, पण तो कायदे करणारा आमदार नव्हता.


पूर्णाथडी

जुनीमिसल यांनी पूर्वकाठ नीट सांगितला. पलीकडच्या काठाची गोष्ट मुळातच वेगळी आहे आणि पुस्तिकेत ती दोन ओळींत उरकू नये असं मनापासून वाटतं.

वर्धा नदी ही त्या काळी दोन राज्यपद्धतींची सीमा होती. आर्वीचा काठ ब्रिटिश इंडियात. कौंडण्यपूरचा काठ वऱ्हाडात, आणि वऱ्हाड कायद्यानं निजामाचा मुलूख. २१ मे १८५३ च्या तहानं निजामानं तो कारभारासाठी इंग्रजांच्या हवाली केला, १८६० च्या तहानं ही व्यवस्था पुन्हा बांधली गेली. सरकारी कागदांत नाव 'हैद्राबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. वरचा अधिकारी हैद्राबादचा रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी; त्याच्या हाताखाली उमरावतीला (अमरावतीला) कमिशनर.

जो मुलूख ब्रिटिश इंडियात नाही, त्याच्यासाठी गव्हर्नर जनरलचं कायदेकौन्सिलसुद्धा कायदा करू शकत नव्हतं. म्हणजे मध्य प्रांताला निदान कलकत्त्याची सभा होती, वऱ्हाडाला तीही नाही. मग कायदे यायचे कुठून? हुकुमानं. गव्हर्नर जनरल इन कौन्सिल, म्हणजे कायदेकौन्सिल नव्हे तर कारभार पाहणारं कौन्सिल, परराष्ट्र खात्याच्या जाहीरनाम्यानं कायदा लागू करायचं. परमुलखातल्या अधिकाराबद्दलचा १८७९ चा ॲक्ट २१ हा त्याचा एक आधार. पुढे १९०२ मध्ये विलायतेतून त्यासाठी स्वतंत्र ऑर्डर इन कौन्सिल, म्हणजे राजाचा हुकूम, निघाली.

हे हुकूम दोन तऱ्हेचे. ब्रिटिश इंडियातला एखादा ॲक्ट उचलून, त्यात शब्द बदलून, कलमं गाळून तो वऱ्हाडाला 'लागू' करायचा, ही पहिली तऱ्हा. दुसरी म्हणजे वऱ्हाडापुरता नवा कायदा सरळ हुकुमानं काढायचा. हा दुसऱ्या तऱ्हेचा कायदा कोणत्याही सभेनं मंजूर केलेला नसल्यामुळे त्याला ॲक्ट म्हणता येत नसे. म्हणून 'लॉ' किंवा 'कोड'. बेरार रूरल बोर्ड्स लॉ १८८५, बेरार म्युनिसिपल लॉ १८८६, बेरार लँड रेव्हेन्यू कोड १८९६ आणि तुमच्या हातातला बेरार पटेल्स अँड पटवारीज लॉ १९००. नकलनविसानं अक्षर न् अक्षर बरोबर उतरवलं आहे. ॲक्ट आणि लॉ या दोन शब्दांमध्येच दोन काठांचा सगळा फरक आहे, तो पुस्तिकेत चौकट करून द्या.

वऱ्हाडाच्या बाजूचे लेख तपासताना एक चूक वारंवार दिसते. कोणीतरी लिहितो, 'अमुक कायदा १८७२ चा, म्हणून वऱ्हाडात १८७२ पासून'. असं धरता येत नाही. ॲक्टचं वर्ष हे तो कलकत्त्यात मंजूर झाल्याचं वर्ष. वऱ्हाडात तो जाहीरनाम्याच्या तारखेपासून, आणि त्या जाहीरनाम्यात सांगितलेल्या फेरफारांसह. कलम क्रमांक तोच असला तरी मजकूर वेगळा असू शकतो. त्यामुळे मूळ ॲक्टची प्रत उघडून वऱ्हाडच्या निकालाचा अर्थ लावायला जाऊ नका. आधी जाहीरनामा शोधा.

महसुलाचंही तेच. तुमच्या काठावर मालगुजारी, आमच्या काठावर मुंबई पद्धतीची रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून. १८६१ पासून मुंबईच्या धर्तीवर मोजणी आणि आकारणी झाली, आणि १८९६ च्या कोडचा साचाही बराचसा १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याचा. 'मुंबई' हे उत्तर तुम्हाला मिळालं ते यातूनच आलं असणार. साचा मुंबईचा होता, पण मुंबईच्या कौन्सिलचा अधिकार वऱ्हाडावर एक दिवससुद्धा नव्हता.

वऱ्हाडातल्या जाणत्या लोकांना हे खुपत होतं. सभेत चर्चा नाही, लोकांपुढे बिल नाही, एक दिवस जाहीरनामा निघतो आणि शेतसाऱ्याचा नियम बदलतो. वऱ्हाडचे कायदे हुकुमानं न करता वरिष्ठ, म्हणजे गव्हर्नर जनरलच्या, कायदेकौन्सिलातून व्हावेत, ही मागणी १८९० च्या दशकात राष्ट्रीय सभेच्या (काँग्रेसच्या) ठरावांत आली. १८९७ चं अधिवेशन तर उमरावतीलाच भरलं होतं, शंकरन नायर अध्यक्ष आणि दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. विचार करा, आपल्या गावकऱ्यांनी कायदा कोण करतो एवढं विचारण्यासाठी आधी आपण कोणत्या राज्यात आहोत हे सिद्ध करायचं होतं.

५ नोव्हेंबर १९०२ च्या करारानं वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं गेलं, वर्षाला २५ लाख रुपये खंडानं, आणि १ ऑक्टोबर १९०३ ला ते मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं. तुमची पुस्तिका १९०० ला थांबते, तरी एक वाक्य टाका की जोडल्यानंतरही कायद्यांची पुस्तकं दोन्ही काठांची वेगळीच राहिली. निजामाचं स्वामित्व कागदावर कायम होतं.


तापीवारा

एक शंका. टिळक मुंबई कायदेकौन्सिलात होते ना? आमच्या मलकापूर-बुलढाण्याकडे असं सर्रास बोललं जातं की ते 'आपल्या भागातून' निवडून गेले. मग वऱ्हाडाला मुंबईत जागा नव्हती हे कसं?


पूर्णाथडी

ताई, 'आपला भाग' इथे भाषेनं आपला, कायद्यानं नाही. टिळक १८९५ मध्ये मुंबई कौन्सिलात गेले ते मुंबई इलाख्याच्या मध्य विभागातल्या लोकल बोर्डांकडून, आणि १८९७ मध्ये पुन्हा. मध्य विभागात पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक आणि खानदेश. म्हणजे मलकापूरच्या पश्चिमेला हद्द ओलांडली की खानदेशातल्या बोर्डाचा सभासद त्या निवडीत भाग घेऊ शकत होता. मलकापूरचा पाटील नाही. त्याच्याही तालुक्यात रूरल बोर्ड होतं, पण त्या बोर्डाची पायरी वर कुठल्याच कौन्सिलाकडे जात नव्हती.


जुनीमिसल

मुंबईचा विषय निघालाच आहे तर तिथल्या कौन्सिलात सभासदाला करता काय येत होतं ते सांगतो, कारण पुस्तिकेत 'कौन्सिल' शब्द आला की वाचणाऱ्या मुलांच्या डोळ्यांपुढे आजची विधानसभा येईल.

मुंबईचं कौन्सिल २२ जानेवारी १८६२ ला टाउन हॉलमध्ये पहिल्यांदा बसलं. १८६१ च्या कायद्याप्रमाणे गव्हर्नरच्या कार्यकारी कौन्सिलात ॲडव्होकेट जनरल आणि आणखी ४ ते ८ जादा सभासद घालायचे, त्यातले निदान निम्मे बिनसरकारी, मुदत २ वर्षं. सगळे नेमलेले. जगन्नाथ शंकरशेट त्यातले पहिल्या काळातले. पुढे न्या. तेलंग, दादाभाई, न्या. रानडे येऊन गेले. या कौन्सिलला फक्त समोर आलेल्या बिलावरच बोलता येई. सरकारला प्रश्न विचारणं नाही, अंदाजपत्रक समोर येणं नाही, दुष्काळ पडला म्हणून त्यावर चर्चा नाही. कर्ज, जकात, नाणी, टपाल-तार, फौज, धर्माचार असे विषय असले तर बिल मांडण्याआधीच गव्हर्नर जनरलची परवानगी लागे. मंजूर झाल्यावर गव्हर्नरची संमती, आणि तिच्यावर पुन्हा गव्हर्नर जनरलची. ही दुसरी संमती मिळेपर्यंत तो कायदा नाहीच.

१८९२ च्या कायद्यानं जादा सभासद ८ ते २० झाले. अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागलं, पण मत देता येईना. प्रश्न विचारता येऊ लागले, आधी लेखी सूचना देऊन, पण उत्तरावर उपप्रश्न नाही. आणि 'निवडणूक' हा शब्द कायद्यात मुद्दाम घातलाच नाही. नगरपालिका, लोकल बोर्डं, विद्यापीठ, व्यापाऱ्यांची चेंबर यांनी नावाची शिफारस करायची आणि गव्हर्नरनं त्या नावाची नेमणूक करायची. लोक मात्र पहिल्या दिवसापासून याला निवडणूकच म्हणत होते, आणि माझ्या मते लोकांचंच बरोबर होतं, कारण बोर्डात मतं मोजली जात होती.

याच १८९२ च्या कायद्यानं गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातही जादा सभासद १० ते १६ केले. मुंबई, मद्रास, बंगाल आणि वायव्य प्रांत यांच्या कौन्सिलांतल्या बिनसरकारी सभासदांनी प्रत्येकी एक नाव पाठवायचं आणि एक कलकत्त्याच्या व्यापारी चेंबरनं. मध्य प्रांताला स्वतःचं कौन्सिलच नाही, म्हणून हा दरवाजा बंद. आपल्याकडून कोणी गेलंच तर सरकारनं थेट नेमलेला. १८९० च्या दशकात नागपूरचे गंगाधरराव माधव चिटणवीस असे वरिष्ठ कौन्सिलात होते, आणि शतक पालटताना नागपूरचेच बिपिन कृष्ण बोस. स्थानिक संस्थांना न विचारता मध्य प्रांताचा प्रतिनिधी नेमण्याच्या या पद्धतीवर राष्ट्रीय सभेनं त्याच दशकात नापसंतीचा ठराव केला आणि इतर प्रांतांसारखंच प्रतिनिधित्व मागितलं.

तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की १८९४ मध्ये कायदे करणाऱ्या सभेत बसलेला मालगुजार म्हणजे चिटणवीस. दुसरं नाव असेल तर ते कौन्सिलच्या छापील यादीत सापडायलाच हवं. यादी लहान असते, १० मिनिटांत तपासून होते.


काठावरचा

डोळे उघडले. म्हणजे 'ऑन.' वरूनच मसुदा लिहिणाऱ्यानं 'ऑनरेबल' धरलं असणार. डिस्ट्रिक्ट कौन्सिलवर माणूस जायचा कसा, तेही कोणी सांगेल का? आणि वर्धेच्या कौन्सिलचे कागद कुठे बघावेत?


मुकद्दमगुमास्ता

'ऑन.' बद्दल आधी. कायदेकौन्सिलच्या सभासदाला 'ऑनरेबल' लागे. पण मालगुजारांच्या कागदांवर बहुतेक वेळा 'ऑन.' म्हणजे 'ऑनररी', ऑनररी मॅजिस्ट्रेटमधला. त्यांच्यापुढे किरकोळ फौजदारी खटले चालत आणि खेड्यापाड्यांतल्या मोठ्या मालगुजारांना ही नेमणूक मिळत असे. कागदावर पुढे कुठे 'मॅ.' किंवा 'बेंच' असं काही आहे का, ते भिंगानं पाहा. 'दरबारी' हा शब्दही असाच फसवतो. तो दरबारात खुर्चीचा मान, कुठल्या सभेचं सभासदत्व नाही.

आता निवड. १८८३ च्या ॲक्ट १ प्रमाणे सगळ्यात खाली गावं. शेजारच्या गावांचा मिळून एक गट, त्याला सर्कल म्हणत. त्या गटातल्या गावांचे मुकद्दम जमून आपल्यातून एक प्रतिनिधी लोकल बोर्डावर पाठवत. लोकल बोर्ड बहुधा तहसिलीएवढं, म्हणजे तुमच्यासाठी आर्वीचं. व्यापारी-उदमी वर्गाचे वेगळे प्रतिनिधी असत आणि काही सभासद सरकार नेमत असे, एक तृतीयांशाच्या आत. मग लोकल बोर्डं आपल्यातून डिस्ट्रिक्ट कौन्सिलवर माणसं पाठवत. म्हणजे मताचा हक्क रयतेला नव्हता, कुळाला नव्हता, मुकद्दमाला होता.

इथे मुकद्दम कोण हे नीट समजून घ्या, नाहीतर नावं चुकतील. मालगुजारी गावात हिस्सेदार अनेक असले तर सारा भरण्याची जबाबदारी घेणारा तो लंबरदार, आणि गावाची व्यवस्था पाहणारा, सरकारला जाब देणारा तो मुकद्दम. बऱ्याच गावी दोन्ही एकच माणूस. मालगुजार गावात राहत नसला तर त्याच्या वतीनं मुकद्दम-गुमास्ता. तुमचे मालगुजार आर्वीत किंवा नागपुरात राहत असतील, तर गावच्या मुकद्दम म्हणून त्यांचं नाव न सापडता गुमास्त्याचं सापडेल. त्यावरून 'हे सभासद नव्हतेच' असं ठरवू नका, ते दुसऱ्या गावाच्या मुकद्दमीवरून किंवा नेमणुकीनं गेलेले असू शकतात.

वऱ्हाडात ही शिडी वेगळी. तिथे १८८५ च्या रूरल बोर्ड्स लॉ प्रमाणे तालुका बोर्ड आणि डिस्ट्रिक्ट बोर्ड. त्यामुळे पलीकडच्या कागदात 'बोर्ड मेंबर' येईल, 'कौन्सिल मेंबर' येणार नाही. ही तिसरी खूण.

शोधायचं कसं. वर्धेच्या जिल्हा अभिलेख कक्षात गावाची मिसल, म्हणजे बंदोबस्ताच्या (जमीनमोजणी आणि साराठरावाच्या) वेळची गावाची फाइल, मागा. तीत त्या वेळचे हिस्सेदार, लंबरदार, मुकद्दम आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रिवाजांची नोंद) मिळेल. अर्जात गावाचं नाव, तहसील, मौजा क्रमांक आणि बंदोबस्ताचं वर्ष चारही लिहा. नुसत्या गावाच्या नावावर अर्ज केला की त्याच नावाच्या दुसऱ्या मौजाची मिसल हाती येते, आपल्याकडे एका नावाची गावं थोडी नाहीत. मिसलीतून मालगुजाराचं पूर्ण नाव, बापाचं नाव आणि जात-पेशा पक्का करा, मगच पुढे जा.

दुसरं ठिकाण नागपूरचं पुराभिलेखागार. तिथे मध्य प्रांताच्या सचिवालयाचे कागद आहेत. लोकल सेल्फ गव्हर्नमेंटच्या वार्षिक अहवालात आणि सेंट्रल प्रॉव्हिन्सेस गॅझेटमध्ये बोर्ड-कौन्सिलांच्या नेमणुका बघाव्यात. १८९४ शोधताना १८९३ ते १८९५ तिन्ही वर्षं काढा, नेमणूक जाहीर होण्याचं वर्ष आणि काम केल्याचं वर्ष एकच नसतं.

वरिष्ठ कौन्सिलसाठी गॅझेट ऑफ इंडिया. त्याचे भाग वेगळे: मंजूर ॲक्ट चौथ्या भागात, बिलं पाचव्यात, कौन्सिलचं कामकाज सहाव्यात. कूळकायद्याचं पुस्तिकेत नीट वर्णन करायचं असेल तर पाचवा भाग जरूर काढा. बिलाला जोडून उद्देश आणि कारणांचं निवेदन असतं, आणि मालगुजारी गावात तेव्हा काय बिनसलं होतं ते त्यात सरकारच्याच शब्दांत येतं. मग बिल सिलेक्ट कमिटीकडे जातं, तिचा अहवाल छापतात, पुन्हा चर्चा, मंजुरी, गव्हर्नर जनरलची संमती. अंमल केव्हापासून ते मात्र संमतीच्या तारखेवरून धरू नका, कायद्याचं पहिलं कलम वाचा.

वऱ्हाडचे जाहीरनामे राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र खात्याच्या दप्तरात. त्यांच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर सूची घरी बसून बघता येते. आजच्या नावांनी काही सापडणार नाही. अमरावतीसाठी 'अमराओती', अचलपूरसाठी 'एलिचपूर', वाशिमसाठी 'बाशीम', यवतमाळसाठी 'वून' अशी त्या वेळची इंग्रजी रूपं टाका. वून जिल्ह्याचं मुख्यालय यवतमाळलाच होतं, जिल्ह्याला नाव वणीचं. आणि वऱ्हाडच्या कागदात फसली सन (महसुली वर्षाचा सन) असेल तर त्यात ५९० मिळवा, म्हणजे इसवी सन सुरू झालेला कळेल. फसली १३०० म्हणजे १८९०-९१.


पूर्णाथडी

एक भर. मोडीतला कागद असेल तर 'कौसल' असं लिहिलेलं दिसेल, वाचणारा ते भलतंच वाचतो. आणि पटेल्स-पटवारीज लॉ चा कागद पाटीलकीच्या हक्काचा आहे की नेमणुकीचा, ते बघून घ्या. १९०० च्या आधी पाटील नव्हते असा अर्थ मुलांनी काढायला नको. वतनं जुनीच, त्यांच्यावरचा सरकारी कायदा १९०० चा.


काठावरचा

कागद पुन्हा पाहिला. 'ऑन.' च्या पुढे घडी पडून झिजलेला भाग आहे आणि त्यात 'मॅ' चा वरच्या चंद्रासह अर्धा भाग दिसतो. मिसलीसाठी चारही बाबी लिहून अर्ज टाकतो आहे. तोवर पुस्तिकेत असं जाईल:

'आपल्या गावचे मालगुजार १८९४ च्या सुमारास कौन्सिल मेंबर असल्याची नोंद घराण्याच्या कागदात आहे. हे कौन्सिल म्हणजे बहुधा वर्धा डिस्ट्रिक्ट कौन्सिल. कायदे करणारी सभा तेव्हा नागपुरात नव्हती. नदीच्या या काठाचे कायदे गव्हर्नर जनरलच्या कायदेकौन्सिलात मंजूर होत आणि त्यांना ॲक्ट म्हणत. पलीकडच्या वऱ्हाडात ते सभेविना, हुकुमानं लागू होत, आणि तिथल्या खास कायद्यांना लॉ किंवा कोड म्हणत.'

यात काही खटकलं तर सोमवारच्या आत सांगा, मंगळवारी फर्मा छपाईला जातो.


जुनीमिसल

एवढंच करा: 'बहुधा' हा शब्द मिसल आणि गॅझेट हाती येईपर्यंत काढू नका. आणि मालगुजाराचं नाव छापाल तेव्हा बापाच्या नावासकट छापा, त्या घराण्यात आजा-नातवाचं एकच नाव असण्याचा संभव फार.